जुना कस्टम रॉड दुरुस्त करताना मूळ रॅप कसे वाचवाल

माळ्यावरून किंवा जुन्या बाजारातून कस्टम फिशिंग रॉड हाती येतो. दोर ओवायच्या कड्या म्हणजे गाइड्स गंजलेल्या, त्या बांधणाऱ्या दोऱ्यावरचे पारदर्शक फिनिश पिवळे पडलेले, मुठीचा कॉर्क काळा. आणि दुरुस्तीला सुरुवात होते ती थेट ब्लेडने. सगळा दोरा सोलला जातो, ब्लँक, म्हणजे रॉडची मूळ काठी, पॉलिश पेपरने घासला जातो, नव्या दोऱ्याने बांधलेला रॉड चकाचक दिसतो. पण बांधणाऱ्याने निवडलेले रंग, मुठीच्या वरची चौकड्यांची नक्षी, फिनिशखाली शाईने लिहिलेले पहिल्या मालकाचे नाव, हे सगळे केरात गेलेले असते. ब्लँक दुसरा मिळतो, गाइड्सही मिळतात. तो दोरा मात्र परत बांधून मिळत नाही.

म्हणून या लेखात सगळे काम रॅपभोवती आखले आहे. रॅप म्हणजे गाइडचे पाय ब्लँकला बांधणारी आणि मुठीवर नक्षी करणारी दोऱ्याची गुंडाळी. लेख फायबरग्लासच्या रॉडबद्दल आहे, साधारण १९६० ते १९८० च्या दशकांत हाताने बांधलेल्या, नायलॉनचा दोरा असलेल्या. बांबूच्या चिरफळ्या चिकटवून केलेल्या आणि रेशमी दोऱ्याच्या रॉडला यातले उष्णतेचे आणि पाण्याचे भाग लागू करू नका. तिथे चिकटवलेले सांधेच सुटू शकतात.

## आधी सामान, मग रॉड

बरेचसे सामान रंगाच्या आणि औषधांच्या दुकानात मिळते: आयसोप्रोपिल अल्कोहोल, मिनरल टर्पेंटाइन, १००० ते २००० नंबरचा वॉटर पेपर, कमी चिकट मास्किंग टेप, कापसाच्या काड्या, सुई नसलेल्या दोन सिरिंज, भिंग, हेअर ड्रायर, एका बाजूने धार असलेली नवीन ब्लेड्स. रॉडचे खास सामान मागवावे लागते: रॅपसाठीचा नायलॉन दोरा, दोऱ्याचा रंग टिकवणारे द्रावण म्हणजे कलर प्रिझर्व्हर आणि रॅपवर लावायचे दोन भागांचे पातळ इपॉक्सी.

फेव्हीक्विक, एम-सील, अॅसिटोन आणि एनसी थिनर त्या टेबलावर ठेवूच नका. फेव्हीक्विक दोऱ्यात शिरले की दोरा डागाळतो आणि कडक होतो, तो डाग निघत नाही. अॅसिटोन ब्लँकचा रंग आणि शाईचे अक्षर दोन्ही खाते. अॅराल्डाइट रील सीटसाठी, म्हणजे मुठीवर रील बसवायच्या जागेसाठी, चालेल, दोऱ्यावर कधीही नाही. ते जाड बसते आणि लवकर पिवळे पडते.

सिलिकॉन असलेले फर्निचर पॉलिश किंवा स्प्रेसुद्धा त्या खोलीत नको. सिलिकॉनचा हात लागलेल्या जागी इपॉक्सी पसरत नाही, फाटून गोल गोल खड्डे पडतात.

## १. नोंद करा

काहीही पुसण्याआधी फोटो काढा. दिवसाच्या उजेडात, बाजूला मोजपट्टी ठेवून, प्रत्येक रॅपचा वेगळा. नक्षीचे फोटो चारही बाजूंनी घ्या. टोकापासून प्रत्येक गाइडपर्यंतचे अंतर, प्रत्येक रॅपची लांबी आणि कडेच्या रंगीत पट्टीत दोऱ्याचे किती वेढे आहेत ते लिहून ठेवा.

याच वेळी अक्षरे शोधा. ती बहुधा मुठीच्या वरच्या बाजूला असतात, आणि पिवळ्या फिनिशखाली सहज दिसत नाहीत. टॉर्च आडवा धरला की उमटतात. सापडली तर त्यावर मऊ कागद ठेवून सैल टेप लावा. काम संपेपर्यंत त्या जागी कुठलेही द्रावण जाऊ द्यायचे नाही.

## २. धुवा, पण घासू नका

कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब, मऊ कापड. अलिबाग-रत्नागिरीच्या समुद्रात वापरलेल्या रॉडवर गाइडच्या पायांशी मीठ साठलेले असते. तिथे ओले कापड दहा मिनिटे गुंडाळून ठेवा, मीठ स्वतःच विरघळते. पवईच्या तलावासारख्या गोड्या पाण्यातल्या रॉडवर शेवाळाचा हिरवट थर असतो. तो मऊ टूथब्रशने निघतो. ब्रश दोऱ्याच्या वेढ्यांच्या दिशेने फिरवा, आडवा नको.

फिनिश फुटलेले असेल तिथे पाणी आत शिरते. म्हणून धुतल्यावर रॉड निदान दोन दिवस पंख्याखाली आडवा ठेवा. घाई केली तर आत अडकलेला ओलावा पुढे नव्या फिनिशखाली पांढऱ्या ढगासारखा दिसेल.

तपासा: कापूस बोटांत हलका धरून ब्लँकवरून टोकापर्यंत ओढा. धागे अडकतात तिथे फायबरग्लासची काच उघडी पडली आहे किंवा चीर आहे. मग दोन्ही हातांनी रॉड अलगद वाकवून कान द्या. करकर आवाज आला तर ब्लँकच गेलेला असू शकतो. असा रॉड शोभेसाठी जपा, मासा काढायला नको. पुढचे कष्ट घेण्याआधी हे कळलेले बरे.

## ३. जुने फिनिश कुठले, ते ओळखा

सगळ्यात जास्त रॉड इथे बिघडतात, कारण हा टप्पाच गाळला जातो. जुन्या फिनिशवर कुठलेही नवे चढवून चालत नाही. व्हार्निशवर व्हार्निश चालते, इपॉक्सीवर इपॉक्सी चालते, नीट खरवडलेल्या इपॉक्सीवर व्हार्निशही धरते. जुन्या व्हार्निशवर इपॉक्सी मात्र जोखमीचे. काही वेळा धरते, काही वेळा खालचा थर सुरकुततो आणि पापुद्रा होऊन सुटतो.

दिसण्यावरून पहिला अंदाज बांधा. इपॉक्सी जाड असते, रॅपच्या मध्यावर फुगीर असते आणि दोऱ्याचे वेढे बोटाला जाणवत नाहीत. व्हार्निश पातळ असते, वेढ्यांची रेघ-रेघ बोटाला लागते, आणि जुने झाले की मधासारखा रंग येतो.

मग चाचणी. सगळ्यात खालच्या गाइडच्या रॅपची खालची बाजू निवडा. कापसाच्या काडीवर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन अर्धा मिनिट टेकवून ठेवा.

- लगेच चिकट झाले आणि काडीवर पिवळा रंग उतरला, तर चपड्याचे म्हणजे शेलॅकचे फिनिश आहे. या रॉडवर यापुढे अल्कोहोल अजिबात नाही.
- चमक किंचित मंद झाली, पण बाकी काही झाले नाही, तर बहुधा व्हार्निश.
- काहीच झाले नाही, तर बहुधा इपॉक्सी. खात्रीसाठी त्याच जागी हेअर ड्रायरने थोडी ऊब द्या. इपॉक्सी रबरासारखे मऊ होते, नख टोचले तर खूण उमटते, आणि गार झाल्यावर पुन्हा कडक होते.

सावधान: चाचणी एकाच जागी, एकदाच. पाच ठिकाणी डाग पाडून उत्तर जास्त पक्के होत नाही.

## ४. प्रत्येक रॅपचा निवाडा करा

आता भिंग घ्या आणि वहीत प्रत्येक रॅपपुढे एक निर्णय लिहा. निकष दिसण्याचा नाही, पकडीचा आहे.

फिनिश पिवळे आहे पण अखंड आहे? त्याला हात लावू नका. पिवळेपणा घालवायचा तर फिनिश काढावे लागते आणि फिनिशबरोबर दोरा येतो. पिवळा पण पक्का रॅप आणखी अनेक वर्षे काम करतो.

गाइडच्या पायाच्या टोकाशी केसासारखी गोल चीर आहे? रॉड वाकताना तिथे ताण येतो, त्यामुळे ती जुन्या रॉडवर जवळजवळ नेहमी असते. ती भरता येते, दोरा उलगडावा लागत नाही.

रॅपखाली चांदीसारखा पांढरा पट्टा दिसतो? तिथे फिनिश दोऱ्यापासून सुटले आहे. गाइड हलत नसेल तर हेही वाचते.

रॅपमधून तपकिरी किंवा हिरवी रेघ झिरपली आहे? गाइडचा पाय आतून गंजतो आहे. इथे हळवे होऊन चालणार नाही. ती गाइड काढावीच लागेल, नाहीतर गंज फुगून शेजारचाही दोरा तोडेल.

गाइडची कडी तपासायला कापसाची काडी आतून फिरवा. तंतू अडकले तर चीर किंवा खाच आहे. पण फक्त सिरॅमिकची कडी चौकटीतून सुटली असेल तर अख्खी गाइड बदलू नका. कडी आणि खोबण अल्कोहोलने पुसा, इपॉक्सीची बारीक रेघ देऊन कडी परत बसवा. रॅपला धक्काही लागत नाही. मूळ दोरा वाचवणाऱ्या सगळ्या युक्त्यांत मला ही सर्वांत मोलाची वाटते, आणि हीच सर्वांत कमी वापरली जाते.

## ५. धातूचे आणि मुठीचे काम आधी उरका

दोऱ्याला हात लावण्याआधी उष्णतेचे, धुळीचे आणि तेलाचे सगळे काम संपले पाहिजे.

टिप-टॉप. टोकाची कडी बहुतेक वेळा उष्णतेने वितळणाऱ्या गोंदाने बसवलेली असते. शेजारच्या रॅपवर ओल्या कापडाची पट्टी गुंडाळा. स्पिरिटच्या दिव्याची लहान ज्योत फक्त धातूच्या नळीवर, तीही क्षणभर, मग बाजूला. असे दोन-तीन वेळा करा. पक्कडीवर कापड गुंडाळून सरळ ओढा. पिळू नका, पिळले की टोकाची काच उभी चिरते. नवी कडी त्याच व्यासाच्या नळीची घ्या आणि वितळणाऱ्या गोंदानेच बसवा, म्हणजे पुढे पुन्हा निघेल. बसवताना ती खालच्या गाइड्सच्या रेषेत आहे का, ते मुठीकडून डोळा लावून बघा.

रील सीट. रील आवळणारी आट्यांची चुडी अडकली असेल तर गंज सोडवणाऱ्या भेदक तेलाचा एकच थेंब काडीने द्या, स्प्रे नको. रात्रभर ठेवा आणि नंतर तेल पूर्ण पुसून काढा. सीटच सैल फिरत असेल तर आतली टेपची किंवा दोऱ्याची भर कुजली आहे. कडेला बारीक भोक पाडून सिरिंजने इपॉक्सी भरले तर मूठ न सोडवता काम होते.

कॉर्क. साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा. खड्ड्यांत कॉर्कचा भुसा आणि पाण्याला टिकणारा लाकडाचा गोंद कालवून भरा, सुकल्यावर २२० आणि मग ४०० नंबरच्या कागदाने फक्त भरलेली जागा सपाट करा. अख्खी मूठ घासून पांढरी करण्याची गरज नाही. घासण्याआधी शेजारच्या रॅपवर टेपचे दोन थर द्या.

तपासा: सगळी धूळ पुसली? हात साबणाने धुतले? तेलाची बाटली खोलीबाहेर गेली? मग पुढे.

## ६. गाइड काढायचीच असेल तर

ज्या गाइड्सपुढे वहीत 'काढणे' लिहिले आहे, फक्त त्याच.

अ) टेपच्या बारीक तुकड्यांनी गाइडच्या दोन्ही टोकांच्या जागा आणि मधली रेषा ब्लँकवर खुणा करा.

आ) रॅपच्या बाहेरच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी असेल तर ती गाइडच्या पायावर नसते, ब्लँकवर असते. ती वाचवायची आहे. पाय जिथे संपतो तिथपासून पट्टीपर्यंतचा दोरा जागेवरच राहील असे ठरवा आणि तिथे टेप लावून हद्द आखा.

इ) हेअर ड्रायरने फिनिश ऊबदार करा, नखाची खूण उमटेल इतकेच. बुडबुडे आले किंवा वास आला तर उष्णता जास्त झाली.

ई) ब्लेड आडवे धरा आणि गाइडच्या पायाच्या पाठीवरून, धातूवरच, सोलल्यासारखे चालवा. खाली धातू असल्यामुळे ब्लेड ब्लँकपर्यंत पोचू शकत नाही. जुन्या समुद्री रॉडवर पुष्कळदा गाइडखाली दोऱ्याचा आणखी एक पूर्ण थर असतो. तो वाचतो तो याच कारणाने. पायाच्या बाजूला ब्लेड घसरले की तो थरही गेला आणि ब्लँकवर ओरखडाही आला. तो ओरखडा पुढे रॉड मोडण्याची जागा ठरतो.

उ) धातू उघडा पडला की गाइड उचला. दोऱ्याचे कापलेले तुकडे ऊब देत देत नखाने बाजूला काढा. ब्लेडने खरवडू नका.

काढलेला दोरा फेकू नका. त्याची पायाला चिकटलेली बाजू उन्हात कधीच आलेली नसते, त्यामुळे मूळ रंग तिथेच सापडतो. तारीख आणि गाइडचा क्रमांक लिहून पाकिटात ठेवा.

## ७. नवा दोरा जुन्यासारखा दिसावा म्हणून

दुकानातल्या रिळावर जुळणारा रंग फिनिशखाली जुळत नाही. इपॉक्सी किंवा व्हार्निश भिनले की साधा नायलॉन दोरा गडद आणि अर्धपारदर्शक होतो. कलर प्रिझर्व्हर आधी दिला तर रंग जवळपास तसाच राहतो. म्हणून मूळ कारागिराने तो वापरला होता का, हे आधी बघा. जुन्या रॅपमधून गाइडचा पाय पुसटसा दिसत असेल तर वापरलेला नाही. दोरा भरीव, अपारदर्शक दिसत असेल तर प्रिझर्व्हर आहे किंवा आधीच रंग बांधलेला दोरा आहे. तेच करा जे त्याने केले.

एका फायबरच्या काडीवर तीन-चार छटांचे रॅप बांधून, अर्ध्यांना प्रिझर्व्हर देऊन, सगळ्यांवर फिनिश लावा आणि वाळल्यावर रॉडशेजारी उन्हात धरून बघा. पटकन अंदाज हवा असेल तर दोऱ्यावर मिनरल टर्पेंटाइनचे बोट फिरवा. भिजलेला रंग फिनिशखालच्या रंगाच्या बराच जवळ असतो आणि टर्पेंटाइन उडून जाते. हे नमुन्याच्या काडीवरच, रॉडवर नाही. जाडीही जुळली पाहिजे. हलक्या रॉडवर 'ए' आणि जड रॉडवर 'डी' जाडीचा दोरा सर्रास असतो. जुना तुकडा शेजारी ठेवून भिंगातून खात्री करा.

नव्या गाइडच्या पायाची लांबी जुन्या पायाइतकीच घ्या. लांब पाय घेतला तर वाचवलेल्या पट्टीवर चढेल. पायाचे टोक बारीक कानशीने निमुळते करा आणि खालची कड बोटाला लागणार नाही इतकी गुळगुळीत करा. बोथट टोकावर दोरा चढताना फट पडते, धारदार कड ब्लँकमध्ये रुतते.

बांधताना सुरुवात वाचवलेल्या दोऱ्याला अगदी खेटून करा. सुरुवातीचे टोक सहा-सात वेढ्यांखाली दाबा, मग कापा. ताण इतका की गाइड बोटाने जोर लावून किंचित सरकावी, पण स्वतःहून हलू नये. शेवटाच्या आठ वेढे आधी दोऱ्याचा फास आत ठेवा, टोक त्यातून ओवून ओढून घ्या. पेनाच्या गुळगुळीत टोपणाने वेढे घासून फटी मिटवा.

प्रिझर्व्हर द्यायचा असेल तर दोरा पूर्ण भिजेपर्यंत द्या आणि जादा टिपून घ्या. वाळल्यावर दुसरा हात. नंतर किमान एक दिवस, दमट हवेत दोन दिवस, वाळू द्या. अर्धवट भिजला तर रंगाचे ठिपके पडतात, ओला राहिला तर दुधाळ होतो.

## ८. चिरा आणि सुटलेले फिनिश भरणे

चीर अल्कोहोलच्या काडीने पुसा (शेलॅक असेल तर कोरड्या मऊ ब्रशने) आणि वाळवा. चिरेत दोरा उघडा पडला असेल आणि रॅप अपारदर्शक असेल, तर आधी प्रिझर्व्हरचा थेंब सोडा. हा थेंब विसरला की तेवढाच भाग गडद होतो आणि रॅपवर कायमची काळी रेघ राहते.

मग त्या भागाला हलकी ऊब द्या, चिरेवर फिनिशचा थेंब ठेवा आणि गार होऊ द्या. आतली हवा आकुंचन पावताना फिनिश आत ओढले जाते. जादा पुसून टाका. चांदीसारखा पट्टा मिटवायलाही हीच पद्धत, पण फिनिशला आत जायला कडेची फट आधीपासून असली पाहिजे. नसेल तर मुद्दाम भोक पाडू नका, पट्टा राहू द्या.

## ९. वरचा हात

दोन-चार गाइड्सच बदलल्या असतील तर फक्त तिथेच फिनिश लावा. सगळ्या रॉडवर एकसारखी चमक आणण्याच्या हौसेपोटी धडधाकट रॅप उगाच खरवडले जातात.

जुन्या इपॉक्सीवर हात द्यायचाच असेल तर १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून चमक मरेपर्यंतच फिरवा. कोरडे घासू नका, आणि फायबरग्लासजवळ काम असल्याने मास्क घाला. पाण्यात रंग दिसला तर तुम्ही दोऱ्यावर पोचला आहात, तिथेच थांबा.

इपॉक्सीचे दोन्ही भाग वेगवेगळ्या सिरिंजने, उत्पादकाने दिलेल्या प्रमाणात मोजा. बहुतेकांचे ते समान असते. अंदाजाने ओतलेले इपॉक्सी महिनाभर चिकट राहते. बाटल्या आधी कोमट पाण्यात ठेवल्या तर मिश्रण पातळ होते आणि बुडबुडे कमी येतात. सावकाश दोन मिनिटे ढवळा, फॉइलच्या पसरट ताटलीत ओता, मऊ ब्रशने पातळ थर द्या. नव्या रॅपवर फिनिश दोऱ्याच्या पुढे मिलिमीटरभर ब्लँकवर उतरू द्या. जुन्या रॅपवर मात्र जुन्या कडेच्या आतच थांबा, नाहीतर पायरी दिसते.

फिनिश एका बाजूला ओघळू नये म्हणून रॉड फिरता हवा. मायक्रोवेव्हच्या ताटलीची मोटर मिनिटाला ५-६ फेरे देते, तेवढे पुरते. व्होल्टेज तिच्यावर वाचूनच जोडा. मोटर नसेल तर पहिले तीन-चार तास दर पाच मिनिटांनी अर्धा फेरा हाताने. उरलेल्या बुडबुड्यांवर ज्योत दुरून झर्रकन फिरवा.

हवामानावर अर्धे यश आहे. खोली २४ ते २८ अंश आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत हवी. कोकण किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर हे उघड्या खोलीत शक्य नसते, इपॉक्सीवर तेलकट धुरकट साय येते. एसी ड्राय मोडवर ठेवता येत नसेल तर हे काम दिवाळीनंतरच काढा. नोंदी, धुणे आणि कॉर्कचे काम पावसाळ्यात करून ठेवता येते.

तपासा: उरलेले मिश्रण ताटलीतच ठेवा. दुसऱ्या दिवशी रॉडला हात न लावता त्या ताटलीत नख टोचून बघा.

## १०. ताणाची परीक्षा

फिनिश २४ तासांत हाताळण्याजोगे होते, पण पूर्ण पक्के व्हायला आठवडा द्या. त्याआधी रॉड वाकवला की गाइडच्या पायाशी नवी चीर पडते आणि आठवा टप्पा पुन्हा करावा लागतो.

आठवड्यानंतर मूठ घट्ट धरा, दोर सगळ्या गाइड्समधून ओवून टोकाला पाण्याची बाटली बांधा. वजन रॉडवर लिहिलेल्या दोराच्या ताकदीच्या चौथ्या भागापासून सुरू करून एक-तृतीयांशापर्यंतच न्या. रॉड उभा उचलून टोक मागे वळवू नका, आडव्या स्थितीतून हळूहळू वर या. दोर कुठे ब्लँकला घासतो का, नवी गाइड रेषेबाहेर जाते का, कुठे टिकटिक ऐकू येते का, हे बघा. मग बाटली सोडून प्रत्येक रॅपवर भिंग फिरवा आणि पहिल्या टप्प्यातल्या फोटोंशी ताडून पाहा.

रॉड ठेवताना बंद प्लास्टिकच्या नळीत ठेवू नका, दमट हवेत आत बुरशी येते आणि गाइडचे पाय पुन्हा गंजतात. कापडी पिशवीत, कपाटात उभा टांगा. वहीतली नोंद आणि जुन्या दोऱ्याचे पाकीट त्याच पिशवीच्या खिशात ठेवा. पुढच्या वेळी रॉड उघडणाऱ्याला कुठला रॅप मूळचा आणि कुठला तुमचा, हे त्यावरूनच कळेल.